बेस म्हणजे पाया नव्हे

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. एखाद्याच्या आवाजाला बेस आहे असे म्हणताना त्या आवाजाचा पाया भक्कम आहे असेच आपल्याला सुचवायचे असते, असे तू लिहिले आहेस. मीही बरीच वर्षे हेच धरून चाललो होतो. पण शब्दाचे मूळ पाहिले तेव्हा ते अगदी निराळे निघाले.

इंग्रजीत हे दोन स्वतंत्र शब्द आहेत. केवळ उच्चाराने ते एकत्र आले. पाया या अर्थाचा बेस ग्रीक ‘बासिस’पासून लॅटिनमार्गे आला. बासिस म्हणजे आधी पाऊल आणि मग जिच्यावर पाऊल टेकवून उभे राहायचे ती बैठक. आपल्या ‘पाया’तही पायच आहे. आवाजाचा बेस मात्र उत्तरकालीन लॅटिनमधल्या ‘बासुस’चा वंशज आहे आणि बासुस म्हणजे बुटका, ठेंगणा, जाडसर. जुन्या फ्रेंचमध्ये त्याला ‘खालचा’ हा अर्थ आला आणि तिथून तो मध्ययुगात इंग्रजीत शिरला. नीच, हलक्या वृत्तीसाठी इंग्रजीत जे ‘बेस’ हे विशेषण आहे ते याचेच सख्खे भावंड, आणि आखूड पायांचा बॅसेट जातीचा कुत्राही याच घराण्यातला.

पूर्वी आवाजाचा बेसही पाया-बेससारखाच लिहीत. पुढे इटालियन ‘बासो’च्या प्रभावाने त्याच्या अखेरीस दोन एस आले, उच्चार मात्र जुना तोच राहिला. त्याच अक्षरांनी लिहिला जाणारा ‘बॅस’ मासा तर पूर्णपणे वेगळा: तो जर्मानिक कुळातला शब्द असून त्याच्या काटेरी परांवरून पडलेला आहे.

मला खरी ओढ लागली ती पुढच्या प्रश्नाची. आवाजाला उंची नसते, मग त्याला ‘खालचा’ का म्हणायचे? डबल बेस या मोठ्या तंतुवाद्याची सर्वांत जाड तार सेकंदाला साधारण 41 वेळा कंप पावते. गज उचलल्यावर ती क्षणभर तार दिसतच नाही, धूसर पट्टा दिसतो, आणि वाद्याच्या लाकडावर तळवा टेकवला तर तो थरथरतो. त्यात खाली म्हणावे असे काहीच नाही, आहे तो केवळ कंपांचा संथपणा. ग्रीक लोक अशा आवाजाला ‘बारुस’, म्हणजे जड, म्हणत. पुरुषाच्या मध्यम आवाजाला म्हणतात तो बॅरिटोन हा शब्द त्यातूनच आला. त्याहून नवलाची गोष्ट अशी की, त्यांच्या लायर या तंतुवाद्यावर सर्वांत ढाला, म्हणजे जाड, खालचा सूर देणाऱ्या तारेचे नाव ‘हुपाते’, म्हणजे सर्वांत वरची, असे होते, कारण वाद्य धरल्यावर तिची जागा तशी असे. तेव्हा वर आणि खाली ही माणसाने सुरांना लावलेली नावे आहेत, सुरांचे अंगभूत गुण नव्हेत, असे मला ठामपणे वाटते.

आपल्याकडे अशा आवाजासाठी असलेला खर्ज हा शब्द षड्जापासून, म्हणजे ‘सा’ या स्वराच्या नावापासून आला आहे. त्यात उंचीचा प्रश्नच येत नाही. मला मात्र सर्वांत आवडतो तो ‘गंभीर’. संस्कृतात त्याचा अर्थ खोल, पाण्यासारखा खोल. आवाजाला आणि चेहऱ्याला लागतानाही ती खोली त्याने सोडलेली नाही. तू ज्या आवाजाविषयी लिहिले आहेस त्याला मी हाच शब्द देईन. ‘ढाला’ शब्दाच्या मुळाविषयी तुझ्या हाती काही लागले तर अवश्य कळव.

तुझा स्नेहांकित मित्र