‘पूर्ण’चे ‘पण’ होऊ नये म्हणून

मा. संपादक,
स. न.

प्रॉडक्ट डिझाइनकडे, म्हणजे अ‍ॅप-वेबसाइटचे पडदे आखण्याच्या कामाकडे, वळणाऱ्या मुलामुलींना हल्ली दोन सल्ले हमखास मिळतात : कामात सफाई आणा आणि कंपनीत आपल्या शब्दाला वजन मिळवा. सल्ले बरोबर आहेत, पण ते दोन वेगळे विषय असल्यासारखे शिकवले जातात, हे पटत नाही. मराठी अ‍ॅपचा साधा पडदा घेतला तरी पहिल्यावाचून दुसरे का मिळत नाही ते दिसते.

बहुतेक पडदे इंग्रजी मजकुरावर बेतलेले असतात आणि मराठी शेवटच्या आठवड्यात त्यात कोंबली जाते. इंग्रजीत १६ मापाच्या अक्षराला २० उंचीची ओळ पुरते. देवनागरीत शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. तिला २४ ते २६ लागतात. बटणाची उंची पक्की करून बाहेरचा भाग लपवला, की ‘मूळ रक्कम’चा उकार छाटला जाऊन ‘मळ रक्कम’ उरते. ‘पूर्ण’चा उकार आणि रफार दोन्ही गेले की राहते ‘पण’. कर्जाच्या हप्त्यांच्या पडद्यावर हे खपवून घेण्यासारखे नाही. पक्क्या उंचीऐवजी किमान उंची द्यावी आणि फोनच्या सेटिंगमध्ये अक्षर मोठे करून पाहावे. अँड्रॉइड १४ पासून ते २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येते.

शीर्षकातल्या अक्षरांत अंतर सोडायची सवयही इंग्रजीतलीच. मराठीत त्याने शिरोरेषा तुटते, म्हणून ते शून्यच हवे. इंग्रजीत मोठ्या लिपीतल्या अक्षरांनी उठून दिसणारे लेबल मराठीत मजकुरात विरून जाते. तिथे ठळकपणा किंवा रंग वापरावा लागतो. फाँटमध्ये ठळक अक्षरांचा वेगळा संच नसेल तर ब्राउझर अक्षरे स्वतःच जाड करतो आणि ‘ध’, ‘क्ष’ यांची पोटे बुजतात. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवलेली नसेल, तर ज्या फाँटमध्ये दोन्ही वळणे आहेत तिथेही ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. पानावर भाषेचा संकेत ‘एमआर’ लिहिणे हे एका ओळीचे काम. ते राहून जाते कारण ते कुणाच्याच यादीत नसते.

नावांचे हाल त्याहून वाईट. गोल चित्रात नावाचे पहिले अक्षर दाखवताना ‘ज्ञानेश्वर’चा ‘ज’ आणि ‘श्रीकांत’चा ‘श’ होतो, कारण कोड यूनिकोडचे (संगणकात मजकूर साठवण्याच्या संकेतपद्धतीचे) चिन्ह मोजतो, अक्षर नव्हे. ‘स्त्री’मध्ये अशी सहा चिन्हे आहेत. जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम यूनिकोडच्या २०२३ मधल्या १५.१ आवृत्तीत आला. लायब्ररी, म्हणजे वापरलेला तयार कोड, जुनी असेल तर ते तुटणारच. ‘कुऱ्हाडे’मधला अर्धा ‘ऱ’ दोन प्रकारे टाइप होतो, त्यातल्या एकात अदृश्य जोडचिन्ह असते. नावाच्या रकान्यातला मजकूर साफ करण्याच्या नादात ते गाळले की आडनाव ‘कुर्हाडे’ होते.

आता कंपनीत शब्दाला वजन मिळवण्याचे. ‘मराठी नीट दिसत नाही’ ही तक्रार बैठकीत कोणी मनावर घेत नाही, आणि त्यात समोरच्याचाच दोष असतो असेही नाही. प्रोग्रामरला फोनचे मॉडेल, अक्षराचे माप, नेमका शब्द आणि स्क्रीनशॉट द्या, म्हणजे दोष त्याच्या टेबलावर उभा राहतो. प्रॉडक्ट मॅनेजरशी खर्चाच्या भाषेत बोला. उदाहरणार्थ एसएमएस : इंग्रजीत एका संदेशात १६० चिन्हे मावतात, मराठीत ७०. संदेश लांबला तर मराठीत प्रत्येक तुकड्यात ६७. म्हणजे १५० चिन्हांचा मजकूर इंग्रजीत एका संदेशात बसतो, मराठीत त्याचे तीन होतात. हा हिशेब हाती आला, की मराठी संदेशच बंद करण्याचा निर्णय होतो आणि डिझायनरला तो नंतर कळतो. त्याआधीच पुढ्यात मसुदा ठेवावा : ‘तुमचा ओटीपी ४८२९१७. ५ मिनिटे वैध. कोणालाही सांगू नका.’ मोकळ्या जागा धरून ५३ चिन्हे. संस्थेच्या नावाला १७ उरली, खर्च एका संदेशाचा.

‘आधीच’ म्हणण्याला कारण आहे. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार व्यावसायिक संदेशांचे मसुदे दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी या नोंदणी-प्रणालीवर नोंदवावे लागतात. नोंदणी झाल्यावर शब्द बदलायचा तर पुन्हा मंजुरी, आणि त्या वेळी कितीही योग्य सूचना केली तरी ती कटकट वाटते. बटणांचेही तसेच. ज्यातून सगळे पडदे जुळवतात त्या बटणे-रकाने अशा घटकांच्या सामायिक संचात नमुन्याचा मजकूर म्हणून ‘पूर्वीची मूळ रक्कम’, ‘वार्षिक उद्दिष्टे’, ‘कुऱ्हाडे’ हे शब्द पहिल्या दिवशीच भरून ठेवले, तर पुढे प्रत्येकाच्या पडद्यावर दोष आपोआप उघडा पडतो, कुणाशी वाद घालावा लागत नाही. पदाने मिळणाऱ्या अधिकारापेक्षा हा मार्ग मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण डिझायनर नोकरी सोडून गेला तरी ते शब्द तिथेच राहतात.

डिझाइनच्या अभ्यासक्रमांत पोर्टफोलिओसाठी इंग्रजी अ‍ॅपची देखणी चित्रे काढून घेतात. त्यातला निदान एक प्रकल्प मराठी मजकुरावर, स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर, मोठ्या अक्षरात चालवून दाखवण्याची अट महाविद्यालयांनी घालावी.

– एक प्रॉडक्ट डिझायनर, पुणे