नांगर

कोल्हापूर, 24 जुलै

प्रिय मंगे,

परवा फोनवर तू म्हणालीस, "तुमचं काय बाई, रोजच सुट्टी!" आणि मी रेंज गेल्याचं सांगून फोन ठेवला. रेंज गेली नव्हती. उत्तर लांबलचक होतं आणि आई शेजारीच मेथी निवडत बसली होती. आज ती लवकर झोपलीय, बाहेर तीन दिवसांची झड लागलीय, म्हणून लिहायला बसले. (हात 'बसलो' लिहायला निघाला होता. सहा महिने परमुलखात शिडाच्या बोटीवर काढले तरी आपल्या गल्लीतलं 'आलो-गेलो' काही सुटलं नाही. आता लेकीनंही तेच उचललंय. डिंगीतून, म्हणजे बोटीच्या छोट्या होडीतून, वायरलेसवर "आई, मी निघालो" म्हणते.)

सुट्टीचं म्हणशील तर ऐक. बोट 36 फूट लांब, 1988 साली बांधलेली, मलेशियातल्या लंकावी बेटावर सेकंडहँड घेतलेली. त्यात आम्ही तिघं. लंकावी ते थायलंडचं फुकेत समुद्रानं साधारण 125 सागरी मैल, म्हणजे कोल्हापूर-पुणे एवढंच. एसटीनं आपण पाच-सहा तासांत जातो. आमची बोट चांगला वारा असला तर ताशी 5 मैल चालते, म्हणजे सायकलच्या चालीनं. बेटाबेटाला मुक्काम करत आम्हाला नऊ दिवस लागले. नोव्हेंबर ते एप्रिल तिकडं ईशान्येचा वारा असतो, जमिनीवरून येणारा, त्यामुळं किनाऱ्यालगत लाटा अशा उठतच नाहीत. शाळेत खारे वारे, मतलई वारे पाठ केले होते ना? मला दोन्ही नेहमी उलटे आठवायचे. आता पहाटे मानेला मतलई लागला की झोपेतही कळतं.

पण मुख्य गोष्ट पाण्याची. टाकी 380 लिटरची आणि तिघांत मिळून रोजचं 20 लिटर. शहरात माणशी 135 लिटर पाणी द्यावं असा सरकारी हिशेब आहे, आम्ही माणशी 7 वर होतो. भांडी समुद्राच्या पाण्यानं घासायची आणि शेवटचा एकच हात गोड्या पाण्याचा. अंघोळ मागच्या शिडीवरून समुद्रात, मग अंगावर एक तांब्या गोडं पाणी. बटाटे उकडायला एक वाटी समुद्र, दोन वाट्या टाकीचं. मीठ घालावं लागत नाही! पहिल्या आठवड्यात मला 2019 चा ऑगस्ट आठवत राहिला. पंचगंगा 55 फुटांवर गेली होती, शिंगणापूर-बालिंग्याची उपसा केंद्रं बुडाली होती, दारात कमरेएवढं पाणी आणि आपण टँकरच्या रांगेत कळशी घेऊन. तसंच, फक्त रांग नाही.

आईनं दिलेली चार किलो चटणी मात्र पुरून उरली. नारळ तिकडं पायलीचे पन्नास, त्यामुळं पांढरा रस्सा इथल्यापेक्षा दाट व्हायचा. शेगडी झोक्यावर टांगलेली असते. बोट कलली तरी कुकर सरळ, आपण तिरके. आपल्या चपलांचं हसू झालं. डेकवर अनवाणीच चालायचं असतं, म्हणून त्या कपाटात ठेवल्या. महिन्याभरानं उघडलं तर कातड्यावर हिरवी मखमल उगवलेली.

संडासाचं कुणाला सांगू नकोस. हातपंप असतो, समुद्राचंच पाणी आत ओढायचं आणि वीस वेळा दांडा मारायचा. तो एकदा तुंबला तेव्हा यांनी तो उलगडला आणि मी दोन तास नळी धरून बसले. लग्नातल्या सप्तपदीत हे वचन नव्हतं. पण रात्री दिवा न लावता पंप मारला की भांड्यात निळ्या-हिरव्या ठिणग्या फिरतात. पाण्यात चमकणारे सूक्ष्म जीव असतात, ढवळलं की उजळतात. पोरगी मैत्रिणींना काय सांगत असेल तर बेटं नाही, हे.

भांडणं? झाली. आणि मंगे, 36 फुटांत रुसायचं कुठं? माहेर नाही, गच्ची नाही, दार आपटावं तर ते सरकतं. मी नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, जाऊन बसायची आणि दहा मिनिटांनी उन्हानं भाजून परत यायची.

तिकडं मोकेन म्हणून लोक आहेत, पिढ्यान्‌पिढ्या नावेवरच संसार केलेले. 2004 च्या त्सुनामीत समुद्र एकाएकी मागं हटलेला बघून सुरिन बेटांवरचे मोकेन काय ते समजले, सगळ्यांना घेऊन उंचावर गेले आणि वाचले. त्यांच्यापुढं आम्ही म्हणजे हौशी भाडेकरू. हे तर जन्मभर मोठ्या जहाजांच्या इंजिनात राहिलेले. शीड कळायला यांना माझ्याएवढाच वेळ लागला. हे ते कबूल करत नाहीत.

आता नांगराचं. निघायच्या आधी आबांना नांगर टाकायचं सांगितलं तर ते म्हणाले, "समुद्रात नांगरट करता व्हय?" मी हसले होते. पण आमचा नांगर खरंच फाळाच्या आकाराचा आहे आणि चिखलात तसाच रुततो. त्याला 10 मिलिमीटरची साखळी, मीटरला दोन किलोच्या वर वजन. पाणी जेवढं खोल त्याच्या निदान पाचपट साखळी सोडायची, म्हणजे ओढ आडवी बसते आणि फाळ आणखी आत जातो. कमी सोडली की ओढ वर लागते आणि नांगर उपटून येतो. आबांना हे एका वाक्यात पटलं. "नांगऱ्यानं रुमणं सोडलं की फाळ वर येतोच," म्हणाले.

एप्रिलच्या शेवटी एका बेटाच्या आडोशाला 8 मीटर पाण्यात थांबलो होतो. शेजारी आणखी चार बोटी, म्हणून यांनी 30 मीटरच साखळी सोडली. मी 50 म्हटलं, ते नको म्हणाले, शब्दाला शब्द वाढला, जेवून झोपलो. अडीच वाजता फोनवरचा नांगराचा अलार्म वाजला, बोट जागेवरून सरकली की वाजतो तो. वर आले तर पश्चिमेकडून काळं काहीतरी चालून आलेलं. तिकडं या वादळाला 'सुमात्रा' म्हणतात, सुमात्राच्या बाजूनं येतं म्हणून. बघता बघता वारा 35 नॉटवर, म्हणजे ताशी 65 किलोमीटरवर गेला, आणि इतका वेळ आडोसा देणारं बेट आता पाठीशी खडक होऊन उभं. हे पुढं साखळीपाशी गेले. पावसात ते मला दिसेनात, फक्त त्यांची बॅटरी दिसायची. मी इंजिन सुरू करून सुकाणू धरलं. नाळ वाऱ्यावर ठेवायची, एवढंच डोक्यात. पोरगी माझ्या पायाशी बसून खोलीचा आकडा वाचत होती. "साडेपाच. चार. साडेतीन." आमच्या बोटीला तरंगायला निदान 1.8 मीटर पाणी लागतं. तिचा आवाज बाराखडी म्हणावी तसा सपाट होता. मग "साडेतीन. साडेतीन. चार." पुन्हा नांगर टाकला, या वेळी 50 मीटर. उजाडेपर्यंत तिघंही टॉवेल गुंडाळून बसलो, चहा केला, आणि हे म्हणाले, "विकूया."

स्वप्न त्यांचं होतं, मंगे. दहा वर्षं मी फक्त मान डोलावत होते. मालाडच्या ब्लॉकपेक्षा बरं, म्हणून आले होते. आता बोट तिकडच्या यार्डात उंच टेकू देऊन ठेवलीय, पावसाळा संपेपर्यंत. गिऱ्हाईकही एक बघून गेलंय. आणि विकू नको म्हणणारी मी आहे. आईला वाटतंय पोरीच्या शाळेपायी सगळं आवरतंय. शाळेचं होईल काहीतरी, मुक्त विद्यालय आहे. यांचं काय झालंय ते मला कळतं. त्या रात्री नाळेवरून त्यांना आम्ही दोघी दिसत नव्हतो. मला निदान त्यांची बॅटरी दिसत होती.

काल रात्री पुन्हा अडीचला जाग आली. इथं कुठला नांगर? तरी उठले. गॅलरीत पोरगी आधीच उभी, आबांच्या फोनवर पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत.

"38 फूट," म्हणाली. "39 ला इशारा, 43 ला धोका."

"वाढतंय की उतरतंय?"

"स्थिर हाय." थोडा वेळ पावसाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आई, बोटीत आत्ता पाणी शिरत असेल का गं?"

यांच्याशी अजून बोलले नाही. गणपतीला सगळे घरी असतील तेव्हा बोलेन, चार माणसांत ते चिडत नाहीत. तू येणारच आहेस ना? तुझ्या सासूबाईंना विचार, या वर्षीच्या मिरचीची चटणी शिल्लक आहे का. पाच किलो लागेल. कुणासाठी ते सांगू नकोस.

तुझी,
सुमी