पियानोचा गांधार

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

परदेशात, आपले संगीत कधी कानावर न पडलेल्यांना ते शिकवताना नेमके काय अडते, असे तू विचारले होतेस. भाषा अडत असेल हा तुझा तर्क फारसा खरा ठरला नाही. खरा अडला तो गांधार, म्हणजे सा-रे-ग-म मधला ‘ग’.

माझ्या वर्गात लहानपणापासून पियानो वाजवणारी एक मुलगी आहे. कोणताही स्वर ऐकताच ती त्याचे नाव सांगते. मी काळी एक या पट्टीत (पेटीच्या पहिल्या काळ्या सुरावर) षड्ज, म्हणजे ‘सा’, लावला, तेव्हा तिला तो षड्ज वाटेचना, कारण तिच्या लेखी ‘सा’ची जागा पांढरी एकवर कायमची ठरलेली होती. षड्ज गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे बदलतो, हे तिने काही आठवड्यांत मान्य केले. गांधारावर मात्र आमचे महिनाभर जमले नाही. माझा गांधार उतरलेला आहे, असे ती अदबीने पण ठामपणे सांगे, आणि मी (गुरुपणाच्या सवयीने) तिचाच स्वर चढा ठरवून मोकळा होई.

वस्तुतः दोघांचेही खरे होते. पियानोत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असल्यामुळे त्याचा गांधार षड्जापासून 400 सेंटवर येतो (सेंट हे स्वरांमधले अंतर मोजण्याचे माप). तानपुऱ्याच्या खर्जातून, म्हणजे सर्वांत खालच्या ‘सा’च्या तारेतून, आपोआप उमटणारा स्वयंभू गांधार 5:4 या प्रमाणाचा, म्हणजे सुमारे 386 सेंटवरचा असतो. अर्ध्या स्वराचे 100 सेंट धरले, तर हा फरक जेमतेम सातव्या हिश्श्याचा. पण तेवढ्यासाठी मी एका चांगल्या कानाला बेसूर म्हणत होतो, याची आज लाज वाटते.

त्यानंतर शिकवण्याची रीतच बदलली. आता पहिली दहा मिनिटे कोणीही गात नाही. तानपुरा जुळवून आम्ही केवळ त्या न छेडलेल्या गांधाराची वाट पाहतो. स्वरलिपीचा कागद सर्वांना पहिल्याच दिवशी हवा असतो. तो मी कानाने बंदिश धरल्यावरच देतो, नाहीतर डोळे वाचतात आणि कान झोपतात. सोळा मात्रांच्या तीनतालात नवव्या मात्रेपासून मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) उचलून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, ‘पोहोचायचे’ असते, हे मात्र त्यांना माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर उमगले.

त्या मुलीला आता घरच्या पियानोचा गांधार चढा लागतो, आणि त्याबद्दल तिच्या पियानोच्या शिक्षिकेची माझ्यावर किंचित नाराजी आहे.

तुझा स्नेहांकित