मंडळीतील सेवेसाठी नावनोंदणी

प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो, सलाम.

येत्या रविवारी उपासनेनंतर मंडळीच्या सभागृहात नव्या वर्षाच्या सेवाकार्याची नावनोंदणी होईल. शास्त्रवाचन, गायन, शब्बाथशाळा (धर्मशिक्षणाचे वर्ग), प्रभुभोजनाची तयारी, स्वागत, स्वच्छता आणि आजाऱ्यांच्या भेटी यांपैकी जी सेवा मनापासून करता येईल, ती निवडून आपले नाव सचिवांकडे द्यावे.

बायबलमधील रोमकरांस पत्राच्या 12व्या अध्यायात प्रेषित पौलाने शिक्षण देणे आणि दया करणे ही दोन्ही कृपादाने (देवाने कृपेने दिलेली दाने) एकत्रच सांगितली आहेत. म्हणून व्यासपीठावरची सेवा मोठी आणि खुर्च्या मांडण्याची लहान, असा भेद कोणीही करू नये. आजाऱ्यांच्या भेटींसाठी माणसे नेहमीच कमी पडतात, याचा विशेष विचार व्हावा.

• शब्बाथशाळेत शिकवू इच्छिणाऱ्यांनी आधी पाळकांना भेटावे.
• नेमलेल्या दिवशी येणे शक्य नसल्यास आदल्या दिवशीच कळवावे.

सचिव, मंडळी पंच