रात्री दहाचा डोस साडेबाराला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी रुग्णालयात काही अघटित घडले की वृत्तपत्रांत येणारा मजकूर आता मला पाठ झाला आहे. मृतांची संख्या, नातेवाइकांचा आक्रोश, मंत्र्यांची भेट, चौकशी समिती आणि शेवटी निलंबितांची यादी. या यादीत एखाद्या परिचारिकेचे नाव बहुधा असतेच. त्या पाळीत तिच्या अंगावर किती रुग्ण होते, हा आकडा मात्र क्वचितच वाचायला मिळतो. मी मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) म्हणून नोकरीला लागले आणि तेहतीस वर्षांनी परिसेविका (कक्षाची प्रमुख सिस्टर) म्हणून निवृत्त झाले. या काळात तो न छापला जाणारा आकडा रुग्णाच्या अंथरुणापाशी काय काय घडवतो, हे मी रोज पाहिले. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमचा पुरुषांचा शस्त्रक्रिया कक्ष कागदावर तीस खाटांचा होता. पावसाळ्यात आणि ऊसतोडीच्या दिवसांत तिथे चाळीस-पंचेचाळीस रुग्ण सहज असत. खाटा संपल्या की गाद्या जमिनीवर, दोन खाटांच्या मधल्या जागेत टाकल्या जात आणि सलाईनचे स्टँड संपले की बाटली खिडकीच्या गजाला बँडेजने बांधली जाई. रात्रपाळी आठ ते आठ, बारा तासांची, आणि बहुतेक रात्री परिचारिका एकच. यातले साधे गणित मांडते. रात्री दहाचे इंजेक्शन समजा तीस जणांना द्यायचे आहे. केसपेपर पाहायचा, नाव विचारायचे, वायलमधील पावडर विरघळवायची, इंट्राकॅथ (शिरेत बसवलेली नळी) चालू आहे की शीर सुजली आहे ते बघायचे आणि औषध सावकाश सोडायचे. घाईने सोडले तर रुग्णाला मळमळ होते, कधी त्याहून वाईटही होते. माणशी पाच मिनिटे धरली तरी दीडशे मिनिटे होतात, म्हणजे दहाला सुरुवात केली तर शेवटच्या गादीपर्यंत पोहोचेपर्यंत साडेबारा वाजतात, आणि तेही मधल्या वेळात अपघात विभागातून एकही नवीन रुग्ण आला नाही, कोणाची सलाईन संपली नाही, कोणी खाटेवरून पडले नाही तर.

केसपेपरवर मात्र तीसही जणांच्या पुढे वेळ लिहिली जाते रात्री दहाची. हे मी कुणावर आरोप म्हणून लिहीत नाही, कारण मीही वर्षानुवर्षे तसेच लिहिले आहे. साडेबारा लिहिले असते तर सकाळच्या राउंडला ‘उशीर का?’ असा प्रश्न आला असता आणि त्याचे उत्तर लिहायला केसपेपरवर रकाना नव्हता. पहाटेच्या टीपीआरचे तसेच. पंचेचाळीस जणांचा ताप, नाडी आणि श्वास प्रामाणिकपणे मोजायचा तर पहाटे तीनला उठवावे लागेल. मग ज्याच्याकडे बघून शंका येते त्याची नाडी मोजली जाते आणि बाकीच्यांच्या तक्त्यावर कालच्यासारखाच आकडा पडतो. अशा तक्त्यांच्या आधारावर डॉक्टर सकाळी औषध बदलायचे की नाही ते ठरवतात. सेवेचा दर्जा घसरतो म्हणजे नेमके काय होते, असे कोणी विचारले तर मी त्यांना हा तक्ता दाखवीन.

आणखी एक गोष्ट सांगते. विहिरीचे काम करताना पडून कमरेखाली लुळा झालेला एक तरुण आमच्याकडे होता. अशा रुग्णाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, आणि त्याला एकटीने वळवता येत नाही, दोन माणसे लागतात. रात्री कक्षसेवक मामा दोन कक्षांत मिळून एकच, तोही बहुधा स्ट्रेचर घेऊन एक्स-रेला गेलेला. तेव्हा आम्ही त्याच्या बायकोलाच शिकवले: एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, पाठीमागे उशी. तिने ते महिनाभर न चुकता केले. मग गावी ठेवलेल्या मुलाला ताप आला म्हणून ती चार दिवस गेली. परत आली तेव्हा त्याच्या माकडहाडावर रुपयाएवढा काळपट चट्टा उमटला होता आणि पुढच्या आठवड्याभरात तिथे तळहाताएवढी जखम झाली. त्या चार दिवसांत कुणी कामचुकारपणा केला नव्हता. आपल्या सरकारी रुग्णालयांत परिचारिकेच्या वाट्याचे निम्मे काम रुग्णाचा नातेवाईक बिनपगारी करतो आणि ज्याच्यामागे नातेवाईक नाही त्याच्या अंगावर असे चट्टे उमटतात, एवढेच. त्या बाईने मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

रिक्त पदांची चर्चा होते तेव्हा ‘अमुक टक्के पदे भरलेली आहेत’ असे उत्तर विधिमंडळात दिले जाते आणि ऐकणाऱ्याला वाटते की बहुतेक माणसे जागेवर आहेत. इथे एक हिशेब लक्षात घ्यायला हवा. कक्षात एका जागी वर्षभर, चोवीस तास एक परिचारिका दिसायची असेल तर तीन पाळ्यांप्रमाणे वर्षाच्या १०९५ पाळ्या होतात. साप्ताहिक सुट्ट्या, रात्रपाळीनंतरची सुट्टी, सण, रजा आणि आजारपण वजा जाता एक परिचारिका त्यांतल्या फार तर अडीचशे पाळ्या करू शकते. म्हणजे एका वेळी एक परिचारिका दिसण्यासाठी पगारपत्रकावर साडेचार ते पाच नावे लागतात. कक्षाला दहा पदे मंजूर असली तर एका पाळीत जेमतेम दोन जणी होतात. त्यांतली सात भरलेली, एक प्रसूती रजेवर, एक प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे (कधी शिबिरात, कधी मंत्र्यांच्या दौऱ्यात रुग्णवाहिकेसोबत) असे धरले की उरतात पाच, म्हणजे पाळीला एक. कागदावर सत्तर टक्के पदे भरलेली असतात आणि पंचेचाळीस रुग्णांपुढे प्रत्यक्षात एकटी बाई उभी असते. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा राज्याच्या आरोग्यसेवेवरील अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळात मांडला गेला, त्यात परिचारिकांची सुमारे एक तृतीयांश पदे रिक्त असल्याचे नमूद आहे. हा एक तृतीयांश आकडा कक्षात पोहोचेपर्यंत किती मोठा होतो, ते वरील हिशेबावरून दिसेल.

शिवाय मंजूर पदे ठरतात ती खाटांवरून. केंद्र सरकारच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटने केंद्रीय रुग्णालयांसाठी फार पूर्वी घालून दिलेल्या निकषांत साधारण कक्षात सहा खाटांमागे एक, नवजात कक्षात दोन खाटांमागे एक आणि अतिदक्षता विभागात प्रत्येक खाटेमागे एक परिचारिका धरलेली आहे. सुट्ट्या आणि रजा यांसाठी त्यावर ४५ टक्के वाढीव पदे सांगितलेली आहेत. निकष वाईट नाहीत. मात्र जमिनीवरच्या गादीला खाट म्हणत नाहीत, म्हणून तिच्यावरचा रुग्ण कोणत्याच निकषात बसत नाही. राज्याने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार मोफत केले, त्याचे मी मनापासून स्वागत केले होते. केसपेपरच्या पैशांसाठी अडून राहिलेली म्हातारी माणसे मी पाहिली आहेत. पण मोफत केल्यावर येणारी गर्दी सांभाळायला हात वाढवावे लागतात, हे साध्या खानावळीच्या मालकालाही कळते.

त्यानंतर दोनच महिन्यांत, ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला, नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांतली १२ नवजात बाळे होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, औषधांचा तुटवडा आणि रिक्त पदे यांची चर्चा झाली. पण लोकांच्या लक्षात काय राहिले, तर एका खासदारांनी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावले, ते दृश्य. भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे आग लागून दहा बाळे गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाच्या आगीत अकरा रुग्ण गेले. दोन्ही ठिकाणी कारवाई झालेल्यांत परिचारिका होत्या आणि नगरला तर त्यांना अटकही झाली. चूक असेल तर शिक्षा व्हावी, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. विजेची जोडणी, अग्निरोधक यंत्रणा आणि मनुष्यबळ यांवर ज्यांच्या सह्या लागतात, त्यांच्यापर्यंत जबाबदारी तेवढ्याच वेगाने का पोहोचत नाही, हा प्रश्न मात्र उरतो.

परिचारिकांची संख्या आणि रुग्णांचे मृत्यू यांचा संबंध हा आमच्या संघटनेने रचलेला युक्तिवाद नव्हे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांबाबत असे आढळले की एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. युरोपातील नऊ देशांच्या अभ्यासातही २०१४ मध्ये जवळजवळ हाच आकडा आला. कॅलिफोर्नियात शस्त्रक्रिया आणि औषधोपचार कक्षांत एका परिचारिकेमागे पाचहून अधिक रुग्ण ठेवता येत नाहीत, असा कायदा आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने २०१६ पासून ठराविक सरकारी रुग्णालयांत दिवसा चार आणि रात्री सात रुग्णांमागे एक परिचारिका हे प्रमाण सक्तीचे केले. तिथल्या रात्री सात आणि आमच्या रात्री पंचेचाळीस, ही तुलना करताना मला संकोच वाटतो, कारण त्या देशांची श्रीमंती मला ठाऊक आहे. आपण उद्या सातवर येऊ, असे मी म्हणत नाही. पंधरावर आलो तरी पहाटेचा टीपीआर खरा लिहिता येईल.

आमचेही दोष आहेत. सिस्टर खेकसतात, ही तक्रार खोटी नाही. सरकारी कक्षात परिचारिकेच्या तोंडून निघालेला अपमान गरीब माणूस आयुष्यभर विसरत नाही. दमलेली माणसे चिडतात हे कारण अर्धेच खरे आहे, कारण तितक्याच दमलेल्या काही जणी कधीही आवाज चढवत नसत. ओळखीच्या जोरावर वर्षानुवर्षे ओपीडीतली सोयीची ड्युटी धरून बसणाऱ्याही आहेत, आणि त्यांच्याबद्दल संघटना गप्प राहते हे मी सदस्य असतानाही बैठकीत बोलले होते. मे २०२२ मध्ये बाह्यस्रोतांमार्फत पदे भरण्याच्या निर्णयाविरुद्ध राज्यातील परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा रुग्णांचे हाल झाले म्हणून पुष्कळ टीका झाली. संप मलाही आवडत नाही. पण विरोधाचे कारण योग्य होते. नवजात बाळाची बारीकशी शीर शोधण्याचा हात तयार व्हायला वर्ष-दीड वर्ष लागते. अकरा महिन्यांच्या आदेशावर, निम्म्याहून कमी पगारावर आलेली मुलगी तो हात तयार होताच खासगी रुग्णालयात किंवा आखाती देशांत निघून जाते, आणि आम्ही पुन्हा नव्या मुलीला पहिल्यापासून शिकवायला बसतो.

यातच भर पडते ती परिचर्येबाहेरच्या कामांची. औषधांचे इंडेंट (मागणीपत्र), जेवणाची संख्या, ऑनलाइन नोंदी, मोडक्या वस्तूंची यादी आणि चादरी. पदभार सोपवताना चादरी मोजून द्याव्या लागतात आणि कमी भरल्या तर परिसेविकेकडून वसुली निघते. माझ्या निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात मी तीन दिवस चादरी मोजत होते, त्याच वेळी कक्षात दोन रुग्णांना रक्त चढवले जात होते. रक्ताची पिशवी लावल्यावर पहिली पंधरा मिनिटे परिचारिकेने रुग्णाजवळ थांबायचे असते, हे आम्ही विद्यार्थिनींना शिकवतो. चादरीच्या हिशेबासाठी लिपिक नेमणे शासनाला फार महाग पडेल असे वाटत नाही.

पदे भरावीत, हे सर्वच म्हणतात आणि मीही म्हणते, पण त्याला वेळ लागणार हे मला कळते. तोपर्यंत दोन गोष्टी जवळजवळ फुकटात होण्याजोग्या आहेत. प्रत्येक कक्षाच्या दारावर, प्रत्येक पाळीला, दाखल रुग्ण किती (गाद्यांवरचे धरून) आणि ड्युटीवरच्या परिचारिका किती, हे दोन आकडे फळ्यावर लिहिणे बंधनकारक करावे आणि तेच जिल्हा शल्यचिकित्सकांच्या दैनंदिन अहवालात जावेत. तसेच मृत्यूच्या किंवा अपघाताच्या कोणत्याही चौकशी अहवालात पहिल्याच परिच्छेदात त्या पाळीचे हे प्रमाण नमूद करावे. केसपेपरवर ‘देता आले नाही’ असा एक रकाना ठेवावा, ही माझी जुनी मागणी आहे. तिला वरिष्ठांनी हसून उत्तर दिले होते.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. यापुढे एखाद्या सरकारी रुग्णालयातील बातमीसाठी आपले वार्ताहर जातील तेव्हा अधीक्षकांच्या दालनात जाण्याआधी त्यांनी कक्षात जावे, गाद्यांसह रुग्ण स्वतः मोजावेत, त्या पाळीत किती जणी आहेत ते विचारावे आणि ते दोन आकडे बातमीत छापावेत. शक्य असेल तर रात्री दहानंतर जावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका, मराठवाडा