प्रमाणपत्र नको, फाइल दाखवा

संपादक महोदय,

दहावीचा शेवटचा पेपर झाला की गावोगावी एमएस-सीआयटी या संगणक साक्षरतेच्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशाचे फलक झळकू लागतात. गेल्या दोन दशकांचा हा शिरस्ता आहे आणि त्यात गैर काही नाही. सरकारी लिपिकाच्या भरतीत हे प्रमाणपत्र विचारतातच. आमची तक्रार त्याआधीच्या तीन वर्षांबद्दल आहे. आठवी ते दहावी शाळेत संगणक कक्ष असतो, वेळापत्रकात तासिका असते, तरी बाहेर पडणाऱ्या मुलाला 'सीपीयू'चे पूर्ण रूप येते आणि एका पानाचा अर्ज नीट बसवून छापता येत नाही. कारण आपण सॉफ्टवेअरची बटणे शिकवतो, काम शिकवत नाही. 'अमुक आज्ञा कोणत्या मेनूत आहे' हा परीक्षेतला लाडका प्रश्न. २००७च्या मायक्रोसॉफ्ट ऑफिसमध्ये मेनू जाऊन रिबन, म्हणजे वरची बटणांची पट्टी, आली, तेव्हा अशी पाठ केलेली सगळी उत्तरे एका झटक्यात रद्दी झाली. पुन्हा तसे होणार नाही असे कोणी सांगावे?

पहिली अडचण तर सॉफ्टवेअर उघडण्याआधीच येते. मोबाइलवर वाढलेल्या मुलांना फाइल 'कुठे आहे' हा प्रश्नच पडलेला नसतो, कारण फोटो गॅलरीत आणि पीडीएफ व्हॉट्सॲपमध्ये आपोआप सापडते. त्यामुळे कक्षातल्या संगणकावर 'न्यू मायक्रोसॉफ्ट वर्ड डॉक्युमेंट'च्या एकाखाली एक प्रती साचतात आणि पुढच्या आठवड्यात आपली कोणती ते कोणालाच कळत नाही. पहिल्या दोन तासिका केवळ यावर घालवाव्यात: इयत्तेचे फोल्डर, त्यात हजेरी क्रमांकाचे फोल्डर, आणि फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग विषय. तारीख या क्रमाने लिहिली की फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. दिवस आधी लिहिला तर एक जानेवारी आणि एक जून या तारखा शेजारी येऊन बसतात.

त्यानंतर टायपिंग. रोज पंधरा मिनिटे, एफ आणि जे या बटणांवरचे उंचवटे तर्जनींनी चाचपून, नजर पडद्यावर. लिपिक-टंकलेखक पदाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट वेग लागतो. दोन बोटांनी शिकलेल्याला तिथे पोहोचणे जड जाते, कारण जुनी सवय मोडण्यातच महिने जातात. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट ही भारतीय भाषांची कळफलक-मांडणीच शिकवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. 'के'च्या बटणावर क, 'डी'वर हलन्त, म्हणजे अक्षर अर्धे करणारे चिन्ह. एकदा बसले की हिंदी काय, कन्नड काय, जागा त्याच राहतात.

इथे एक बारीक गोष्ट मुद्दाम दाखवण्यासारखी आहे. 'दुसऱ्या' टाइप करताना मुले साधा र, हलन्त, य दाबतात आणि पडद्यावर 'दुसर्या' उमटते. समाजमाध्यमांवर ही चूक इतकी दिसते की आता ती कोणाला खटकतही नाही. त्यासाठी शिफ्ट धरून 'जे' दाबावे लागते, मग 'डी', मग तिरकी रेघ, मग काना. ळ हवा तर शिफ्ट आणि 'एन'. फळ्याच्या कोपऱ्यात अशी आठ-दहा अक्षरे कायमची लिहून ठेवली की महिन्याभरात बोटांना सवय होते.

कृतिदेव किंवा त्या पिढीतल्या फॉन्टची फाइलही एकदा मुलांसमोर उघडावी. मजकूर सगळा निवडून फॉन्ट बदलून मंगल हा युनिकोडचा फॉन्ट करा. मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. आत साठवलेली अक्षरे मुळात इंग्रजीच होती, फॉन्ट त्यांना फक्त मराठी चेहरा देत होता. म्हणून अशा फाइलीत नाव शोधता येत नाही, यादी अकारविल्हे लावता येत नाही आणि तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर काही वाचता येत नाही. प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा वेगळा क्रमांक देणारे युनिकोड कशासाठी, हे समजायला मुलांना पाच मिनिटे पुरतात.

वर्डमध्ये अर्ज, नोटीस आणि सभेचे इतिवृत्त एवढे तीन नमुने वर्षभर पुरतात. आधी पानाचा आकार तपासायला लावावा. बऱ्याच यंत्रांवर तो अमेरिकन 'लेटर' असतो, आपला कागद मात्र ए-फोर, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. लेटर रुंदीला थोडा जास्त आणि उंचीला कमी, म्हणून झेरॉक्सच्या दुकानात छापताना समास हलतात. मग परिच्छेदचिन्ह दाखवणारे बटण सुरू करावे. कंट्रोल, शिफ्ट आणि ८ एकत्र दाबूनही ते चालू होते. तारीख उजवीकडे नेण्यासाठी स्पेसबार दाबल्याच्या ठिपक्यांची माळ आणि नवे पान आणण्यासाठी दिलेल्या एंटरची रांग लगेच उघडी पडते. वर एक ओळ वाढवली की खालचे सगळे का घसरते, ते मुलांना तिथेच दिसते. टॅब, उजवे संरेखन आणि नव्या पानासाठी कंट्रोल-एंटर एवढ्याने ते दुरुस्त होते.

खरी कसोटी एक्सेलची. आपल्याकडे एक्सेल शिकवणे म्हणजे पाच विषयांचे गुण लिहून बेरीज आणि टक्केवारी काढणे. तो नमुना इतका स्वच्छ असतो की त्यात काही चुकतच नाही, आणि कार्यालयात येणारी माहिती तशी कधीच नसते. मुलांना मुद्दाम खराब यादी द्यावी. त्यात आधारसारखे बारा अंकी क्रमांक असावेत (खरे आधार क्रमांक वर्गात वापरू नयेत, हे वेगळे सांगायला नको). साध्या चौकटीत बारा अंक टाकले की आकड्याऐवजी मध्ये 'ई' असलेले काही तरी विचित्र दिसते. सोळा अंकी खाते क्रमांक टाकला तर शेवटचा अंक शून्य होऊन बसतो, कारण एक्सेल पंधराच अंक नेमके सांभाळते. आणि तो अंक नंतर कशानेही परत मिळत नाही. सुरुवातीचे शून्य तर गुपचूप गळते. म्हणून ज्यावर बेरीज-वजाबाकी करायची नाही असा क्रमांक भरण्याआधी स्तंभाला 'टेक्स्ट' हे रूप द्यायचे. आधी द्यायचे, नंतर देऊन उपयोग नाही.

तारखांचा घोळ याहून वाईट, कारण तो अर्धाच दिसतो. विंडोजची सेटिंग अमेरिकन असेल तर ०५/०६/२०११ ही पाच जून नसून सहा मे होते. २५/०६/२०११ मात्र तारीख म्हणून स्वीकारलीच जात नाही, कारण पंचविसावा महिना नसतो. ती साधा मजकूर म्हणून चौकटीत डावीकडे चिकटते. एकाच स्तंभात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे दिसल्या की समजावे, डावीकडच्या निदान ओळखू तरी येतात. उजवीकडच्या चुकल्या आहेत आणि गप्प आहेत. कंट्रोल पॅनेलमधल्या रीजनमध्ये 'इंग्लिश इंडिया' निवडले की पुढची नोंद सुधारते, आणि वर स्वल्पविराम हजार-लाख-कोटी असे आपल्या पद्धतीने पडू लागतात. आधीच बिघडलेली यादी मात्र मूळ कागदाशी ताडूनच दुरुस्त करावी लागते.

क्रमवारी लावताना होणारी चूक प्रत्येकाने एकदा तरी पाहावी. पूर्ण तक्त्यातला फक्त गुणांचा स्तंभ निवडून 'सॉर्ट' दिले की एक्सेल विचारते, शेजारचे स्तंभही बरोबर घ्यायचे का? घाईत दुसरा पर्याय निवडला जातो. नावे जागेवर राहतात, गुण वरखाली होतात आणि नापास मुलगा पहिला येतो. पडद्यावर काहीही लाल होत नाही. फाइल सेव्ह करून बंद केली की मागे फिरण्याची वाटही बंद. उपाय सोपा आहे: स्तंभ निवडायचाच नाही, तक्त्यातल्या एका चौकटीवर क्लिक करून क्रमवारी लावायची, आणि तक्त्याच्या मध्ये रिकामा स्तंभ ठेवायचा नाही. मुलांना फार आवडणारे 'मर्ज अँड सेंटर' तक्त्याच्या आत वापरू द्यायचे नाही. वेगवेगळ्या आकारांच्या जोडलेल्या चौकटी असतील तर क्रमवारी अडून बसते.

एका यादीतले नाव दुसऱ्या यादीत शोधून त्यापुढची माहिती आणणाऱ्या व्हीलुकअप या सूत्राचेही तसेच. त्यातली चौथी जागा लिहिलीच नाही की ते जवळपासची किंमत शोधते आणि क्रमाने न लावलेल्या यादीत एका मुलाच्या नावापुढे दुसऱ्याची फी आणून ठेवू शकते, कसलाही इशारा न देता. शेवटी शून्य लिहायची सवय पहिल्या दिवसापासून हवी.

वाणिज्य शाखेकडे जाणाऱ्यांसाठी बिलाचे एक उदाहरण पुरे. ४७ रुपये २५ पैशांच्या वस्तूवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे केंद्राचा ९ आणि राज्याचा ९. नऊ टक्के होतात ४.२५२५, दोन दशांश दाखवायला सांगितले की दिसतात ४.२५. अशा तीन ओळी असल्या तर डोळ्यांनी बेरीज १२.७५ येते आणि एक्सेल दाखवते १२.७६, कारण त्याने मूळ १२.७५७५ धरले. एक पैशाचा हा फरक शोधण्यात हिशेबनीसाची दुपार जाते. दाखवण्यापुरते दशांश कमी करणे आणि 'राउंड' वापरून आकडाच कमी करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या एका बिलावरून जसे कळते तसे व्याख्येवरून कळत नाही. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे वर्ग नंतर खुशाल लावा. पेमेंटला एफ-फाइव्ह आणि रिसीटला एफ-सिक्स हे दोन दिवसांत येते. नावे कोणाला आणि जमा कोणाला, हे त्याआधी वहीवर पक्के झालेले असावे.

पॉवरपॉइंटला आजच्या निम्माच वेळ द्यावा. उडत येणारी अक्षरे शिकवावी लागत नाहीत. तो वेळ ईमेलला द्यावा: विषयाची ओळ, जोडलेल्या फाइलचे नाव आणि अनेकांना एकच पत्र पाठवताना सर्वांचे पत्ते सर्वांना दिसू न देणारा बीसीसी. ऑनलाइन अर्जासाठी फोटो लहान करणेही इथेच यावे. बँक भरतीचे अर्ज फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबीत मागतात. साध्या पेंटमध्ये पिक्सेल कमी करून हे जमते, त्यासाठी सायबर कॅफेत पैसे मोजायची गरज नाही.

संगणक कमी आहेत, ही सबब खरी आहे, पण पुरेशी नाही. एका यंत्रावर दोघे बसवले तर माउस कायम एकाच्याच हातात राहतो. एकाने टाइप करावे, दुसऱ्याने कागदावरून वाचून पडद्याशी ताडावे आणि दहा मिनिटांनी जागा बदलाव्यात. कार्यालयातही नोंद आणि तपासणी अशीच चालते. परवान्याला पैसे नसतील तर वर्ड-एक्सेलसारखेच काम करणारे लिबर ऑफिस मोफत आहे, जुन्या यंत्रांवर चालते आणि वर सांगितलेले जवळजवळ सगळे त्यात होते. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत यंत्रे सुरू होण्यातच दहा मिनिटे जातात, म्हणून आठवड्याच्या दोन वेगवेगळ्या तासिकांऐवजी एक जोडतास द्यावा. यूपीएसच्या बॅटऱ्या बहुतेक ठिकाणी संपलेल्या असतात. दर परिच्छेदाला कंट्रोल-एस, हा नियम वीज गेल्यावर आपोआप पटतो.

राहिली परीक्षा. लेखी प्रश्नपत्रिका बंद करून मुलांकडून फाइल घ्यावी. चाळीस ओळींची, सहा चुका पेरलेली यादी द्यावी. त्यातून फीचा तक्ता, थकबाकीची यादी आणि एका ए-फोर पानावर बसणारी छापील प्रत मागावी. शेवटचा स्तंभ एकटाच दुसऱ्या पानावर गेला तर गुण कापावेत. वेळ संपायला पाच मिनिटे असताना शिक्षकांनी फीचा एक दर बदलायला सांगावा. ज्याने सूत्रे लिहिली, त्याची सगळी फाइल क्षणात बदलेल. सूत्र खाली ओढताना दराची चौकट जागेवर पक्की करणारे डॉलरचे चिन्ह न लावणाऱ्याची पहिली ओळ बदलेल आणि पुढच्या तशाच चुकलेल्या राहतील. कॅल्क्युलेटरवर बेरीज करून आकडे भरणाऱ्याचे काहीच बदलणार नाही. तपासायला प्रत्येकी दोन मिनिटे लागतात.

मुख्याध्यापक संघांनी येत्या जूनपासून निदान नववीपुरती ही पद्धत लागू करावी. त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. शाळेची अंतर्गत परीक्षा शाळेच्याच हातात असते.

आपले,
संगणक व वाणिज्य विषयांचे काही शिक्षक,
सांगली