धडाका ड्रमचा नाही, सुरात न लावलेल्या ड्रमचा आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी एका वाचकांचं पत्र आलंय, जुन्या हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमात ड्रम नकोच, कानठळ्या बसतात. बसतात, शंभर टक्के मान्य. पण त्या मूळ गाण्यांत ड्रम नव्हता का हो? कावस लॉर्ड, त्यांची मुलं केरसी आणि बुजी, लेस्ली गोडिन्हो, फ्रँको वाझ ही हिंदी सिनेसंगीतातली वादक मंडळी काय नुसती खंजिरी वाजवत होती? आर. डी. बर्मनच्या गाण्यातून ड्रम काढून बघा, काय उरतं ते.

खरी गडबड वेगळीच आहे. तबलजी हातोडी काढतो तेव्हा अख्खं नाट्यगृह शांत बसून थांबतं, आणि ड्रमरला मात्र आधीच्या नाटकाचा सेट निघेपर्यंत स्टेजवर पाऊल ठेवता येत नाही, मग कसाबसा किट, म्हणजे ड्रमचा सगळा संच, मांडला की साउंडवाला लगेच प्रत्येक ड्रमला माइक चिकटवतो, टॉम नावाचा ड्रम घणघणला की त्यावर टेप आणि टिश्यूचा बोळा, आणि मग मिक्सरवर आवाज चढव. बरं, टेप लावणं पाप नाही, बीटल्सच्या रिंगो स्टारने १९६९ च्या सुमारास ड्रमवर चक्क फडकी टाकून वाजवलंय, पण त्याला तोच दबका आवाज हवा होता. आपल्याकडे तो बोळा म्हणजे ट्यूनिंग न केल्याची शिक्षा असते.

करायचं काय, तर ड्रमच्या कडेच्या प्रत्येक बोल्टपासून बोटभर आत काडीने हलकं टिचकवायचं, सगळीकडे एकच सूर यायला हवा, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे, आणि खालचं हेड, म्हणजे ड्रमच्या खालच्या तोंडावर ताणलेला पडदा, विसरायचं नाही, ड्रम किती वेळ घुमणार हे बरंचसं तेच ठरवतं. १९५७ च्या सुमारास रेमो कंपनीची मायलरची, म्हणजे प्लास्टिकची, हेड बाजारात आली, त्याआधी वासराचं कातडं असायचं, पावसाळी हवेत ढिलं पडायचं, तरी ती माणसं सुरात लावूनच बसायची. आपल्याला प्लास्टिक मिळालंय तरी आळस.

आणि माइक जितके जास्त तितका आवाज भारी, हाही गैरसमजच. लेड झेपेलिन या रॉक बँडच्या ड्रमर जॉन बोनमचा १९७१ च्या अल्बममधला तो गाजलेला दणका इंग्लंडमधल्या एका जुन्या घराच्या जिन्याच्या पायथ्याशी ड्रम ठेवून, वर फक्त दोन माइक टांगून घेतलाय. नंतर यंत्राने थोडा एको दिला खरा, पण मूळ कमाल ड्रम, हात आणि त्या जागेची.

जाता जाता एक, जुन्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या माळ्यावर साठ-सत्तरच्या दशकातले किट पडले असतील तर कृपा करून जुन्या बाजारात भंगाराच्या भावात देऊ नका. साठच्या दशकातल्या लुडविग कंपनीच्या ड्रमचं शेल, म्हणजे पोकळ खोड, लाकडाच्या तीनच थरांचं, पातळ, आतून कडेला लाकडाची रिंग, त्याचा उबदार आवाज आजच्या स्वस्तातल्या चकचकीत सेटमधून येत नाही. नवीन स्टँड बसवायला त्याला भोकं तर अजिबात पाडू नका, किंमतही जाते आणि जीवही हळहळतो.

तर आयोजकांनो, ड्रम काढू नका. साउंडचेकच्या आधी ड्रमरला पंधरा मिनिटं द्या, तेवढा वेळ गिटारवाल्यांना चहाला पाठवा म्हणजे झालं.

आपला,
एक जुना ऑर्केस्ट्रावाला, पुणे